तीन बोटांचा फरक

"थांबा! ओ हवालदार, थांबा! वर लागतंय!"

कोण ओरडलं ते आता आठवत नाही. नारळ फुटला होता, बोनेटला हळदकुंकू लागलं होतं, पुढच्या चाकांखालची लिंबं चिरडून झाली होती. उंब्रजच्या जुन्या गुळाच्या वखारीत आठ महिने राबून उभा केलेला ट्रक पहिल्यांदा उजेडात निघाला होता. नाक बाहेर आलं, केबिन बाहेर आली, आणि मागच्या पेटाऱ्याच्या छताची कड दरवाज्याच्या दगडी गणेशपट्टीला कर्रकन टेकली.

हवालदार मोहित्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय अडलं, मिस्त्री?"

मी शिडी लावून चढलो. पट्टीपासून छतापर्यंत बोटं धरली आणि खाली आलो.

"गाडी उंच झालीया."

"किती?"

"तीन बोटं."

मग काय, गावाला जत्राच मिळाली.

"मिस्त्री, गाडी बांधलीसा का मनोरा?"

"पट्टीला तूप लावा की! सुळकन भाईर यील."

"त्यापरीस वखारच उचला वर. गाडी हाय तितं ऱ्हाऊ द्या."

वखारीचे मालक काकडेशेठ दोन्ही हात पसरून दरवाज्यात उभे राहिले. "पट्टीला छिन्नी लावाल तर याद राखा! आज्याच्या हातचा गणपती हाय त्यो. आणि खाली फरशी उकरायची न्हाई, आत्ताच सांगतो."

या सगळ्या गलक्यात एकच माणूस गाडीकडं बघत नव्हतं. हवालदारांची लेक अनुसया. हातात आरतीचं ताट, त्यातली वात विझलेली, आणि नजर सरळ माझ्यावर.

"छत उतरवून परत चढवायला किती दिस?" तिनं विचारलं.

"पंधरा तरी."

"शिमगा चौदा दिसांवर हाय."

"बघतो."

"बघा," ती म्हणाली आणि ताट घेऊन पडवीत गेली.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलोय. खोटं बोलण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कुणी नाही, हे माझे शत्रूही कबूल करतात. त्यामुळं हा फरक दरवेळी वाढत गेला. कराडच्या स्टँडवर तो हातभर झाला, साताऱ्यात पुरुषभर झाला, आणि पुण्यात एका लग्नाच्या पंगतीत तर मी सांगितलं, की तो ट्रक शेवटपर्यंत निघालाच नाही, पुढं त्यात बालवाडी भरायला लागली. लोक पोट धरून हसतात. बापजाद्यांपासून गाड्यांच्या बॉड्या बांधणारा मुकुंदा पांचाळ, आणि दरवाजा मोजायचा विसरला!

पण खरा फरक तीन बोटांचाच होता.

त्या वर्षी मी एकतीस वर्षांचा होतो आणि लग्न लांबलं होतं. हवालदारांनी तो ट्रक लष्कराच्या लिलावात घेतला होता. दुसऱ्या महायुद्धातली गाडी. सात वर्षं चिंचेखाली उभी होती. बैलांच्या चार जोड्या लावून वखारीत ओढून आणली, तेव्हा केबिनच्या तळातून कडुनिंबाचं रोप वर आलेलं, आणि एअर फिल्टरात मुंगसाचं कुटुंब. मुंगूस जाताना मला वाकून नमस्कार करून गेलं असं मी सांगतो, ते सोडून द्या. मुंगूस होतं एवढं मात्र खरं.

"ह्याचं काय करायचं?" मी हवालदारांना विचारलं.

उत्तर लेकीनं दिलं. "कांडप बसवायचं. गाडीत."

"गाडीत? कांडप?"

"चार मुसळांचं. मिरची कुटायचं. पाटणच्या वरल्या अंगाच्या बाया डोक्यावर मिरची घिऊन दोन-दोन कोस उतरत्यात. त्यांनी का उतरायचं? आपुनच वर जाऊ."

तिचा नवरा पासष्टच्या लढाईत गेलेला. मूलबाळ नाही. सासरी थोरल्या दिराच्या घरात राहायची आणि त्या घरात तिला काय होतं ते तिनं एकाच वाक्यात सांगितलं होतं: "तितं मला कुणी हाक मारत न्हाई, नुसतं काम सांगत्यात." दीर म्हणाला होता, कर काय करायचं ते, पण एक हंगाम. शिमग्यापासून पाऊस लागेपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा घरात ये आणि तोंड उघडू नकोस. म्हणून शिमगा. शिमग्याला पहिलं गाव गाठलं नाही तर बाया आपल्या पायांनी खाली उतरून मिरची कुटून घेतात, आणि मग वर्षभर त्या घरात कुणाला मसाला लागत नाही.

मी कामाला लागलो. इंजिन माझ्या दोस्ताकडं दिलं, बाबालाल मुलाणीकडं. पिस्टन गंजून नळकांड्यात असे बसले होते, की हातोड्यानं हलेनात. बाबालालनं त्यात रॉकेल ओतलं आणि म्हणाला, "आता आठ दिवस ह्याला कुणी काय बोलायचं न्हाई. आपसूक सुटंल." आठव्या दिवशी सुटलं. मी हे घाईच्या माणसाच्या हातून होताना कधी पाहिलं नाही.

बॉडी मी बांधली. खाली बाभळ, वर सागवान. मुसळं वर उचलली गेली की त्यांची टोकं पार छताला जात, म्हणून पेटारा उंच. मिरचीची धांस वर निघून जायला हवी, म्हणून छताला कमान. ते सगळं बरोबरच होतं.

अनुसयाबाई रोज असायची. पडवीत बापलेकीनं चूल मांडली होती. सकाळी भाकऱ्या झाल्या की ती येऊन बसे, रिवेटा हातात देई, पत्र्याचं दुसरं टोक धरी. आणि मी मापं कशी घेतो ते बघे.

आमच्या घराण्यात फुटपट्टी नाही. प्रत्येक गाडीला बांबूची एक कामटी असते. जे माप ठरेल तिथं चाकूनं खाच. गाडी तयार झाली, की नारळाबरोबर ती कामटी मालकाच्या हातात द्यायची. त्यानं ती घराच्या आढ्याला खोचून ठेवायची. पुढं कधी फळी मोडली, तर कुठलाही सुतार ती कामटी बघून तसाच तुकडा बसवेल.

"ही खाच कशाची?" ती विचारी.

"तळाची."

"ही?"

"उखळाच्या काठाची."

"आणि ही?"

"ही तुमची," मी म्हणालो. "तुमच्या खांद्याची. मुसळाखाली हात घालून मिरची सारायची तर काठ खांद्याच्या हिशेबानं पायजे. वाकून पाठ गेली तर पुढच्या हंगामाला कोण कुटणार?"

ती थोडा वेळ त्या खाचेवर अंगठा ठेवून बसली. "कवा मोजलंसा मला?"

"डोळ्यानं."

"आणि ही सगळ्यात वरची?"

"ती आमच्या घरची पद्धत. पहिली खाच. तिचं तुम्हाला काय करायचंय?"

संध्याकाळी हवालदार आणि मी पडवीत गप्पा मारत बसायचो. गप्पा कसल्या, ती कुस्तीच. ते लढाईच्या वेळी मिसर देशात लष्कराची गाडी चालवायचे.

"मिसरची वाळू म्हंजे पीठ, मिस्त्री. गाडी पोटापत्तुर रुतली. साहेब म्हणला, ढकला. मी म्हणलं, साहेब, दम धरा. चाकांची हवा सोडली, गाडी भाकरीवानी पसरली आणि निघाली. तर म्होरं बघतो तो काय, उंट! आला आणि रेडिएटरला तोंड लावून समदं पाणी प्याला. मग त्या उंटालाच गाडीला जुपला. चाळीस मैल!"

"एवढंच?" मी म्हणायचो. "आमच्या कुंभार्ली घाटात एका ट्रकचा ब्रेक गेला. मी म्होरं हुबा राहून त्याला अशी गोष्ट सांगितली, की तो ऐकायला थांबला."

अनुसया आत भांडी घासता घासता हसायची. त्या हसण्यासाठी मी दिवसभर खिळे ठोकताना खोटं जुळवत असे.

इंजिन पहिल्यांदा लागलं त्या दिवशी मी तिला लांब स्क्रू-ड्रायव्हर दिला. "टोक इंजिनावर ठेवा, मूठ कानाला लावा. आतलं समदं ऐकू येतं."

तिनं डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?"

"पहाटचं जातं," ती म्हणाली. "लांबच्या घरातलं."

एवढी वर्षं मी इंजिनं ऐकली. मला कधी जातं ऐकू आलं नाही. त्या दिवसानंतर मात्र दरवेळी येतं.

तर मग, ट्रक अडकला. बाबालाल त्याचं काम संपवून मिरजेला उरुसाला गेला होता. मी एकटाच छताला लागलो. ते तेरा दिवस मी कसं काम केलं ते सांगायला नको, पण सांगतो. सकाळी छिन्नीला धार लावायचो. दुपारपर्यंत ती धार बघायचो. तिसऱ्या प्रहरी चार रिवेटा काढायचो आणि दिवस मावळायच्या आत त्यातल्या दोन, "पत्रा वाकंल," म्हणून परत ठोकायचो.

हवालदार म्हणजे लष्करातला माणूस, वेळेला कडक; मला वाटलं आता शिव्या घालतील. ते आपले पडवीत सुपारी कातरत बसायचे आणि मला बघून म्हणायचे, "चालू द्या, मिस्त्री. सवडीनं."

रोज संध्याकाळी अनुसया माझ्यापुढं भाकरी ठेवून समोर बसे. आधी कधी अशी समोर बसत नव्हती.

"सांगा," ती म्हणे.

"काय सांगू?"

"काय बी. तुम्हाला काय कमी हाय व्हय?"

मग मी सांगे. मधमाश्यांनी ओढलेली बैलगाडी. घोरण्यानं फुटलेला मातीचा रांजण. ती ऐके, हसे, आणि गोष्ट संपली की तिथंच बसून राही. चुलीतली राख सारखी करे.

"आणि?" ती म्हणे.

"आणि काय? संपली."

"बरं."

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "दिराचा निरोप आलाय. गाडी अडकली म्हणून कळलंय त्यांना. इचारतात, कवा येतीस घरी?"

"काय कळवलंत?"

"अजून काय न्हाई." माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "तुम्ही सांगा, काय कळवू?"

मी म्हणालो, "कळवा, मिस्त्री ऱ्हाईलेल्या रिवेटा मोजतोय."

ती त्या दिवशी हसली नाही.

चौदाव्या दिवशी शिमगा. त्याच्या आदल्या पहाटे मला जाग आली ती इंजिनाच्या आवाजानं. वखारीत आलो तर हवालदार केबिनमध्ये बसलेले, आंघोळ करून, डोक्याला फेटा. अनुसया मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. अंबाड्यातला आकडा काढून तिनं चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये दाबून धरला होता. फुस्स आवाज चालला होता.

"काय करताय?"

"गाडी बुटकी करतीया," वर न बघता ती म्हणाली.

सहाही चाकं तिनं अशीच ढिली केली. ट्रक गुडघे टेकणाऱ्या बैलासारखा हळूहळू खाली बसला. हवालदारांनी गिअर टाकला. छत पट्टीखालून एक बोटभर जागा ठेवून सरकलं. गणपतीला खरचटलंसुद्धा नाही. बघायला गावातलं कुणी नव्हतं.

सैल रिवेटा मी गुमान परत ठोकल्या. मग हवा भरायची होती. हातपंप एकच. मी दाबत होतो, ती चाकाशी नळी धरून बसली होती. ट्रकच्या चाकाला हातानं हवा भरणं म्हणजे काय ते ज्यानं भरली त्यालाच ठाऊक. चौथ्या चाकाला माझा श्वास फुलला.

"कवा सुचलं?" मी विचारलं.

"नारळ फुटला तवाच."

पंप थांबला.

"दाबा," ती म्हणाली. "आबांनी मिसरची गोष्ट धा येळा सांगितलीया. तुमच्याम्होरंच."

"मग आबांना..."

"त्यांस्नी माझ्या आधी सुचलं. मी म्हणलं, आबा, ऱ्हाऊ दे. तर म्हणले, मी कुटं काय बोलतोय?"

मी दाबत राहिलो.

तिनं ट्रकखालून ती लांब कामटी ओढून काढली. मी ती आढ्यावर पत्र्यामागं दडवली होती. तिनं टोकाकडच्या दोन खाचांवर बोट ठेवलं.

"ही खालची. तुमची घरची पद्धत. हिच्यात मळ बसलाय, म्हंजी आठ महिन्यांची. ही दरवाज्याची हाय. कुटली बी गाडी बांधायच्या आधी तुम्ही दरवाजा मोजता. आणि ही वरची गाडीच्या छताची. कोरी हाय. दरवाजा किती हाय ते बघून तुम्ही हिला तीन बोटं वर पाडलीया."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पाडली होती. छताची कमान कापायची वेळ आली, तेव्हा चाकू हातात घेऊन मी सबंध दुपार बसून होतो. दरवाज्याची खाच मला दिसत होती. गाडी बाहेर गेली की ती गेली, एवढंच डोक्यात होतं. चारदोन दिवस मिळतील, तेवढ्यात बोलू. ते मोहिते, आपण पांचाळ. ती विधवा, बाप हवालदार, कमरेला पट्टा बांधणारा. पण बोलू. तीन बोटं वर खाच पाडली.

"मग तुम्ही बोलला का न्हाई?" मी तिला विचारलं.

"मी?" तिनं नळी चाकातून काढली, झाकण फिरवून बसवलं. "तेरा दिस मला वाटत हुतं, तुम्ही बोलाल."

दोन चाकं राहिली होती. त्या दोन चाकांची हवा भरून होईपर्यंत मला वेळ होता. पंप दाबून दाबून छाती भात्यासारखी चालली होती. जगातलं हवं ते खोटं क्षणात जुळवणारं माझं तोंड नुसतं उघडं होतं आणि त्यातून हवाच येत होती. तिनं वाट बघितली. पाचव्या चाकाला बघितली, सहाव्यालाही बघितली. मग उठून लुगडं झटकलं.

"कामटी मालकाला द्यायची अशी पद्धत हाय ना?"

"व्हय."

तिनं गाडीच्या पायरीवर पडलेला माझा चाकू घेतला. दरवाज्याच्या खाचेवर ठेवला आणि कडक्कन दाबला. तिथून वरचा तीन बोटांचा तुकडा तुटून तिच्या हातात आला. तो तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

"एवढी तुमची. बाकी गाडीची."

हवालदार केबिनमधून सगळं बघत होते. त्यांनी मला सलाम केला. चेष्टेचा नव्हता, खरा होता. मला त्याचीच जास्त लाज वाटली. ट्रक पाटणच्या रस्त्याला लागला. वळणावर मुसळं आपापसांत खडखडली.

शिमग्याला ती पहिल्या गावात पोचली. त्या खोऱ्यातून कुणी आलं की मी सहज विचारायचो, "तुमच्याकडं कांडपाची गाडी येती का?" "येती की," लोक सांगायचे. "बाई लई चोख मसाला देती." तेवीस वर्षं हे उत्तर आलं. एका साली माणूस म्हणाला, "औंदा न्हाई आली." मग मी विचारायचं सोडलं.

माझं लग्न पुढच्याच वर्षी झालं. बायको गुणी मिळाली, नातवंडं झाली, तक्रार करायला जागा नाही. पण माघ सरला, फाल्गुन लागला, शेजारी कुणी मिरची कुटायला काढली, की मला ठसका लागतो. सून म्हणते, मामा, धांस गेली वाटतं. मी म्हणतो, गेली असंल.

बांबूचा तो तुकडा सदऱ्याच्या खिशात असतो. कुणी विचारलं तर वेगवेगळं सांगतो. वाघाचं दातकोरणं आहे. मिसरच्या उंटाच्या घंटेची जीभ आहे. लोक हसतात आणि पुढची गोष्ट मागतात.

आज पहिल्यांदा खरं सांगितलं. तुम्ही यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या भरवशावरच सांगितलं.